म्हातारपणाची थट्टा आधी आपण करावी

मुंबईत कोणाला भोळसट ठरवायचं असलं की 'अलिबागसे आया है क्या?' असं विचारायची जुनी खोड आहे. या वाक्याने आपल्या गावाचा अपमान होतो, त्यावर बंदी घाला, अशी मागणी घेऊन अलिबागचे एक रहिवासी मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. २०१९ च्या सुरुवातीला न्यायालयाने ती याचिका फेटाळली. असे विनोद सगळ्याच समाजांवर होतात, ते मनाला लावून न घेता त्यांची मजा घ्यावी, असा न्यायमूर्तींच्या बोलण्याचा रोख होता.

याचिका करणाऱ्याचं दुखणं खरं होतं, हे मान्यच करायला हवं. पण अलिबाग-रेवदंड्याकडची बरीच माणसं यावर वेगळी तऱ्हा वापरतात. मुंबईत बँकेच्या काउंटरवर कोणी ओठ मुडपायच्या आत तीच सांगून टाकतात, "अलिबागवरून आलोय, जरा सावकाश समजवा." समोरचा हसतो, खुर्ची पुढे करतो आणि काम नीट होतं.

वय झाल्यावर हीच तऱ्हा कामी येते. ऐकू कमी येणं, नावं न आठवणं, उठताना 'आई गं' म्हणणं, या गोष्टी लोकांना दिसणारच आहेत. दुसऱ्याने त्यावरून टोमणा मारला की तो दिवसभर बोचतो. तेच आपण हसत सांगितलं तर समोरच्याचा अवघडलेपणा जातो आणि आपल्याला नेमकी काय मदत हवी तेही त्याला कळतं. म्हणून पहिला सल्ला असा, की दुखणं ज्याचं, त्यावर विनोद करण्याचा पहिला मानही त्याचाच. घरातल्या धाकट्यांनी तो मान पाळावा आणि थोरल्यांनी तो वापरावा.

मात्र स्वतःवरचा विनोद आणि स्वतःबद्दलचं रडगाणं यांत फरक करायला शिकलं पाहिजे. "आता आमचं काय राहिलंय" हे वाक्य आपल्याकडे इतकं सवयीचं झालंय की जेवायला बसतानाही ते तोंडातून निघतं. त्यात हसण्यासारखं काही नाही, आणि ऐकणाऱ्याला करण्यासारखंही काही नाही. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आपण लहानपणी दुसऱ्याबद्दल ऐकतो आणि साठ वर्षांनी ती निमूटपणे स्वतःला लावून घेतो. येल विद्यापीठातल्या बेक्का लेव्ही आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेतल्या ओहायो राज्यातल्या एका लहान गावातली, पन्नाशी ओलांडलेली ६६० माणसं त्यात होती. स्वतःच्या वाढत्या वयाकडे जी माणसं चांगल्या नजरेने पाहत होती ती, तसं न पाहणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेसात वर्षं जास्त जगली होती. यावरून कोणा एकाला आयुष्याची हमी देता येत नाही. पण रोज स्वतःबद्दल आपण काय बोलतो ते एकदा कान देऊन ऐकावं, एवढं तरी त्यातून नक्की घ्यावं.

कान देऊन म्हटलं खरं, पण बहुतेकांची पहिली अडचण कानाचीच असते. म्हातारपणातले सर्वांत जास्त विनोद कानावरून होतात आणि सर्वांत जास्त एकटेपणही कानामुळेच येतं. त्यामुळे इथे थोडं थांबू.

वयाबरोबर ऐकू कमी येतं तेव्हा बहुधा बारीक, उंच पट्टीचे आवाज आधी जातात. स, श, च, फ यांसारखी व्यंजनं निसटतात आणि स्वर तेवढे ऐकू येत राहतात. म्हणून म्हातारी माणसं म्हणतात, "आवाज येतो, पण काय बोलतोस ते कळत नाही." ती बहाणा करत नसतात. ओळखीच्या एका घरात नातवाने मुंबईहून फोनवर सांगितलं, "आजोबा, सहाला निघतो." आजोबांना ऐकू आलं, "चहाला निघतो." आजोबा म्हणाले, "अरे, चहा इथे येऊन घे की, चहासाठी कुठे निघालास?" घर दोन दिवस हसत होतं, आजोबाही हसले. तिसऱ्या दिवशी मात्र सुनेने त्यांना कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे नेलं. मला त्या घराचं हेच आवडलं. हसूनही झालं आणि तपासूनही झालं.

कधी कधी कानात नुसता मळ साठलेला असतो, तो काढला की निम्मं काम होतं. तसं नसेल तर श्रवणचाचणी करून यंत्र घ्यावं लागतं. यंत्र घेतल्यावर पहिल्याच दिवशी ते लावून हळदीच्या डीजेसमोर जाऊन बसू नका. मेंदूला त्या नव्या आवाजाची सवय व्हायला काही आठवडे लागतात. सुरुवातीला शांत खोलीत, एकाच माणसाशी बोलताना, दिवसातून थोडा वेळ लावा आणि हळूहळू वेळ वाढवा. भांड्यांचा खणखणाट कर्कश वाटेल, स्वतःचाच आवाज परका वाटेल, म्हणून यंत्र कपाटात ठेवून देऊ नका. ज्याने यंत्र दिलं त्याच्याकडे पुन्हा जाऊन ते जुळवून घ्या.

घरच्यांसाठीही दोन गोष्टी आहेत. ओरडू नका. ओरडल्याने स्वर मोठे होतात, व्यंजनं तशीच हरवलेली राहतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं आपल्यावर चिडलेत. टीव्ही किंवा मिक्सर बंद करून, समोर येऊन, चेहरा दिसेल असं सावकाश बोला. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. सगळे हसत असताना आजी विचारते, "काय झालं?" आणि आपण म्हणतो, "काही नाही गं." या तीन शब्दांनी माणूस घरातल्या घरात बाहेर पडतो. विनोद पुन्हा सांगा. दुसऱ्यांदा तो तेवढा रंगत नाही, तरी सांगा.

विसरण्याबाबत मात्र हसून सोडून देण्याची सीमा ठरवायला हवी. ओळखीच्या माणसाचं नाव जिभेवर येऊन अडणं आणि तासाभराने आंघोळ करताना अचानक आठवणं, हे वयाचं साधं लक्षण आहे. चष्मा कपाळावर आणि शोध घरभर, हेही चालायचंच. पण आपल्याच आळीत वाट चुकणं, जन्मभर केलेला चहा करताना गोंधळणं, सुट्टे पैसे मोजता न येणं, पाच मिनिटांत तोच प्रश्न चार वेळा विचारणं, यांवर विनोद करून विषय मिटवू नका. अशा वेळी डॉक्टरांकडे जायचं. बी-१२ची कमतरता, थायरॉइड, एखाद्या गोळीचा परिणाम किंवा मनाची उदासी यांमुळेही असं होऊ शकतं आणि त्यांवर इलाज असतो. लाजेपोटी किंवा थट्टेपोटी ते राहून गेलं, तर त्यासारखं दुःख नाही.

पडण्याचंही तसंच. आपल्याकडे पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर आणि विहिरीच्या कट्ट्याशी शेवाळ धरतं. कोण कसा घसरला याच्या गोष्टी मग गणपतीत रंगवून सांगितल्या जातात. सत्तरीनंतरची घसरण ही गंमत नव्हे, खुब्याचं हाड मोडलं की सगळं घर महिनोन्‌महिने अडकतं. पाऊस लागायच्या आधी पायऱ्या घासून घ्या, न्हाणीघरात धरायला दांडा बसवा, झोपाळ्यावरून किंवा खाटेवरून उठताना क्षणभर बसून मग उभे राहा. माडावर चढणारा पाडेली मिळत नाही म्हणून स्वतः शिडी लावून शहाळी काढू नका. नारळ पडेल तेव्हा पडेल.

आता हसण्याकडे वळू. १३ मार्च १९९५ रोजी मुंबईच्या एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी चार जणांना सोबत घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला. सुरुवातीला ते आळीपाळीने विनोद सांगायचे. थोड्याच दिवसांत चांगल्या विनोदांचा साठा संपला, कोणाला तरी बोचणारे आणि चावट तेवढे उरले, आणि मंडळी नाराज होऊ लागली. तेव्हा त्यांनी विनोदच काढून टाकला आणि श्वासाच्या व्यायामासारखं, एकमेकांच्या डोळ्यांत पाहत हसायला सुरुवात केली. खोटं सुरू झालेलं हसू थोड्या वेळात खरं होतं, असा त्यांचा अनुभव. आज आपल्याकडेही सकाळी समुद्रावर असे गट दिसतात. जरूर जा. फक्त हर्निया असेल, नुकतीच मोतीबिंदूची किंवा पोटाची शस्त्रक्रिया झाली असेल, हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

त्या बागेतल्या मंडळींना जे थोड्या दिवसांत कळलं ते व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्याला अजून कळायचं आहे. नवरा-बायकोचा तोच विनोद पाच गटांतून पाच वेळा येतो आणि आपण तो सहाव्या गटात ढकलतो. त्याऐवजी रोज एक गोष्ट स्वतःची पाठवून पाहा. बाजारात कोळणीने पापलेटचा भाव सांगताना काय ऐकवलं, एसटीत शेजारी कोण बसलं, शनिवार-रविवारी घरी उतरलेल्या पाहुण्यांनी रहाटाचे फोटो काढता काढता काय विचारलं. नागाव, आक्षी, दिवेआगरला कितीतरी सत्तरीची जोडपी घराच्या दोन खोल्या पर्यटकांना देतात. त्यांच्याकडे इतकं खरं खाद्य असताना ढकललेल्या विनोदांची गरज नाही. मोबाइलवर टंकायला जमत नसेल तर बोलून पाठवा. परगावी असलेल्या मुलीला आईचा आवाज ऐकायला मिळेल, तो वेगळाच फायदा.

एसटीचा उल्लेख आला म्हणून सांगतो. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून राज्यात एसटीचा प्रवास मोफत आहे आणि पासष्ट ते पंच्याहत्तर वयाच्यांना अर्धं तिकीट. मुंबईच्या डॉक्टरांकडे जायचं तर मार्च २०२० पासून मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला रो-रो बोट जाते, गाडीतून न उतरता तिच्यात चढता येतं. लाँचमध्ये पाय टाकायची भीती वाटते म्हणून ज्यांनी मुंबईला जाणं सोडून दिलं होतं, त्यांनी पुन्हा जायला हरकत नाही. ज्याचं फिरणं थांबतं त्याच्या गोष्टी जुन्या होत जातात.

विनोदाला अधिकार मिळतो तो कामातून, हे मला आगरी-कोळी लग्नांतल्या धवलारणीकडे पाहून पटलं. धवलारीण बहुधा वयस्क बाई. लग्नातले विधी कोणत्या क्रमाने करायचे ते तिला ठाऊक, आणि प्रत्येक विधीचा धवला, म्हणजे लग्नगीत, तिला तोंडपाठ. मांडवात तिचा शब्द सगळे मानतात. हळदीच्या रात्री बायकांच्या गाण्यांतून व्याह्यांची आणि विहिणींची थट्टा चालते. तिथे म्हाताऱ्या बाईने केलेली चेष्टा कोणाला लागत नाही, उलट तिने आपल्याला सोडलं तर चुकल्यासारखं वाटतं. हा मान नुसत्या वयाने मिळालेला नाही. तिला जे येतं ते मांडवात दुसऱ्या कोणालाच येत नाही.

तुमच्या घरात असं कोणतं काम आहे, जे फक्त तुम्हालाच येतं? कदाचित पांढऱ्या कांद्याच्या वेण्या बांधणं, जाळं विणणं, वालाचं बिरडं, सात-बाऱ्यातली जुनी नोंद वाचणं किंवा भरती-ओहोटीची वेळ तिथीवरून सांगणं. ते काम धाकट्यांनी थोरल्यांकडून काढून घेऊ नये. 'तुम्ही बसा, आम्ही करतो' हे प्रेमाने म्हटलं जातं, पण रोज ऐकून माणूस खरोखरच बसतो. कामात असलेला माणूस आपोआप बोलतो, चिडवतो, चुका काढतो. आणि गावात धवलारीण असेल तर तिच्याजवळ बसून, तिच्या परवानगीने, तिचे धवले मोबाइलवर उतरवून घ्या, प्रत्येकाचा अर्थही विचारा. डीजेच्या भिंतीपुढे हा आवाज फार दिवस टिकेल असं वाटत नाही.

बोलायला काही नवं हवं तर नजर स्वतःच्या दुखण्यापलीकडेही जायला हवी. अशी मोठी दृष्टी ठेवायची म्हणजे काय, याचं उत्तर मी अलिबागजवळच्या किहीमला शोधतो. १९३० साली पक्षीशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली हातात नोकरी नसताना किहीमच्या घरी येऊन राहिले होते. तिथे त्यांनी सुगरणींच्या वसाहतीकडे महिनोन्‌महिने पाहिलं. नर घरटं अर्धवट विणतो, मादी येऊन ते तपासते, पसंत पडलं तर राहते, मग नर ते पुरं करून दुसरं घरटं विणायला लागतो, असा तो सगळा व्यवहार त्यांनी बारकाईने टिपला. बेकारीच्या दिवसांत स्वतःकडे पाहत बसण्याऐवजी त्यांनी झाडाकडे पाहिलं. त्यांचं आत्मचरित्र १९८५ साली आलं तेव्हा ते नव्वदीच्या उंबरठ्यावर होते. पडवीत बसून करायला याहून सोपं काम नाही. एक झाड निवडा आणि त्यावर रोज काय घडतं ते वहीत दोन ओळींत लिहा. गुडघा दुखतो हेही हवं तर तिसऱ्या ओळीत लिहा.

मोठ्या दृष्टीचं दुसरं उदाहरण ३ जून २०२० नंतरचं. त्या दिवशी निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आलं आणि श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, अलिबागच्या वाड्यांतली चाळीस-पन्नास वर्षांची माड-पोफळी काही तासांत आडवी झाली. नारळाच्या आपल्या उंच जातीला फळ धरायला सहा-सात वर्षं लागतात, रोठा सुपारीलाही साधारण तेवढाच धीर धरावा लागतो. हे पुरतं ठाऊक असलेल्या सत्तर-पंच्याहत्तरीच्या बागायतदारांनी तरीही रोपं आणली, खड्डे घेतले आणि लावली. कोणासाठी लावताय, असं विचारल्यावर एका आजोबांनी दिलेलं उत्तर मी अनेकांना सांगितलंय. ते म्हणाले, "पहिला नारळ धरेल तो माझ्या तेराव्याला. तेवढाच पोरांचा खर्च वाचला."

असं कोणी बोललं की घरातून लगेच येतं, "अभद्र बोलू नका." माझं म्हणणं आहे, बोलू द्या. स्वतःच्या मरणावर विनोद करणारा माणूस बरेचदा तो विषय काढायला बघत असतो, पण कोणी पुढे बोलतच नाही. पुढच्या वेळी वडील असं काही म्हणाले तर आधी हसा आणि मग विचारा, "बाबा, कागद कुठे ठेवलेत? वाडीचं काय करायचं तुमच्या मनात आहे?" फक्त विनोदाबरोबर भूक कमी झाली असेल, झोप उडाली असेल, आवडत्या गोष्टींतलं लक्ष गेलं असेल, तर ती नैराश्याची खूण असू शकते. तेव्हा हसण्यावारी न नेता डॉक्टरांशी बोला.

कागदाचा विषय आलाच आहे. अलिबाग-मुरूड पट्ट्यात जमिनीचे भाव चढले तसा सह्यांसाठीचा आग्रहही वाढला. मुलांच्या नावे बक्षीसपत्र करायचं असेल तर 'आमचा सांभाळ करावा' ही अट त्यात स्पष्ट लिहून घ्या. ज्येष्ठ नागरिकांच्या २००७ च्या कायद्यातलं कलम २३ त्या अटीच्या आधारे, सांभाळ न झाल्यास असं बक्षीसपत्र रद्द करायला मदत करतं. अर्ज प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात करता येतो. १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मदत क्रमांक फोनशेजारी मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. मुलांवर अविश्वास म्हणून हे करायचं नाही. पक्कं लिहिलेलं असलं की पुढे थट्टा मोकळेपणाने करता येते, तिच्यात संशयाचा खडा येत नाही.

एक अडचण उरते, तीच गोष्ट पुन्हापुन्हा सांगण्याची. आजोबा खाडीत होडी उलटल्याची गोष्ट दहाव्यांदा सांगायला लागतात आणि नातवंडं एकमेकांकडे बघतात. "सांगितलंय तुम्ही" म्हणून तोडू नका. गोष्टीच्या आत नवा प्रश्न टाका. होडीत आणखी कोण होतं? घरी आल्यावर पणजी काय म्हणाली? ओल्या कपड्यांचं काय केलं? तेव्हा सांगणाऱ्यालाही न आठवणारं काही वर येतं, आणि गोष्ट तिथून वेगळ्याच दिशेने जाते. आणि आजोबांनो, तुम्हीही सुरू करण्याआधी विचारा, "ही तुम्हाला ठाऊक आहे का?" मुलं हो म्हणाली तर त्यांनाच सांगायला लावा. तुमची गोष्ट नातवाच्या तोंडून ऐकताना होडी किती मोठी झालीय आणि खाडी किती खोल, ते तुम्हाला कळेल. त्याची चूक दुरुस्त करा, किंवा चुकीचं जास्त चांगलं वाटलं तर तसंच राहू द्या.